जिबुतीची वही: महासत्तांची चढाओढ घरबसल्या कशी वाचायची

नकाशा उघडा आणि तांबडा समुद्र एडनच्या आखाताला जिथे मिळतो तिथे बोट ठेवा. उजवीकडे येमेन, डावीकडे जिबुती, आणि मध्ये बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, जेमतेम तीस किलोमीटर रुंद. न्हावाशेव्याहून सुएझमार्गे युरोपला निघालेलं प्रत्येक जहाज या चिंचोळ्या पाण्यातून जातं. नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला जातात तीही इथूनच, आणि इथे गोळीबार सुरू झाला की तोच कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून दोन आठवड्यांच्या आसपास उशिरा पोहोचतो.

महासत्तांच्या चढाओढीच्या बातम्या आपण रोज वाचतो, तरी महिन्याने हाताशी काही उरत नाही. कारण रोज जागा बदलते. सोमवारी तैवान, मंगळवारी ग्रीनलंड, बुधवारी मालदीव. म्हणून माझं सांगणं असं की एकच जागा निवडा, तिच्यासाठी एक दोनशे पानी वही घाला आणि वर्षभर तिचाच पाठपुरावा करा. मी जिबुती निवडली. माझा मुलगा तेलवाहू जहाजावर इंजिनिअर आहे आणि त्याची वाट इथून जाते, हे एक कारण. दुसरं असं की माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. भाडेकरार, हमीपत्र, गहाणखत, नूतनीकरणाच्या तारखा हे कागद वाचण्यात आयुष्य गेलं, आणि जिबुतीचं सगळं राजकारण अशाच कागदांवर चालतं. रत्नागिरीत आमच्या वाचनालयात परीक्षेची तयारी करणारी मुलं येतात, त्यांनाही मी हीच पद्धत दाखवते. एकच गोष्ट मनाशी घट्ट धरायची: बाहेरून कोण आलंय हे पाहण्याआधी घरमालकाचे कागद पाहायचे.

आधी नकाशा, तोही हाताने

छापील नकाशा चिकटवू नका. हाताने काढला की अंतरं डोक्यात बसतात. सामुद्रधुनीत येमेनच्या बाजूला एक लहानसं बेट दाखवा. ते पेरीम, स्थानिक नाव मायून. त्याच्या पूर्वेची वाट तीनेक किलोमीटरची, पश्चिमेची खूप रुंद. मोठी जहाजं पश्चिमेच्या वाटेने जातात. मग खाली ताजुराचं आखात काढा. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर जिबुती शहर, उत्तरेला ओबोक. शहराच्या पश्चिमेला दोराले, तिथे कंटेनरचं बंदर, तेलाचा धक्का आणि चीनचा लष्करी तळ. शहराच्या दक्षिणेला अंबुली विमानतळ, आणि त्याला लागून अमेरिकेचा कॅम्प लेमोनिए. जपानी आणि फ्रेंच विमानंही याच धावपट्टीच्या आसऱ्याने आहेत. दोराले ते लेमोनिए हे अंतर दहा-बारा किलोमीटरचं. अमेरिका आणि चीन यांचे कायमचे तळ इतके जवळ जगात दुसरीकडे नाहीत. उपग्रहाची छायाचित्रं फुकट पाहायला मिळतात. एका संध्याकाळी नुसते हे दोन तळ शोधून काढा, धक्के आणि धावपट्ट्या ओळखा. पुढच्या बातम्या वाचताना डोळ्यांपुढे जागा उभी राहते.

आता देशाचा आकार लिहा: २३,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या सव्वापटीहून जास्त. लोकवस्ती दहा लाखांच्या आसपास. बारमाही नदी एकही नाही, शेती नावापुरती. असाल सरोवर समुद्रसपाटीच्या १५५ मीटर खाली, काठावर मिठाचे थर. या देशाला तेल सापडलेलं नाही, कारखाने नाहीत. जगाला देण्यासारखं त्याच्याकडे एकच आहे, ते म्हणजे हे ठिकाण.

नकाशात पश्चिमेला इथिओपिया मोठ्या अक्षरात लिहा. बारा कोटींहून जास्त माणसं आणि समुद्र नाही. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. १९९८ ते २००० या दोघांत युद्ध झालं आणि एरिट्रियाची बंदरंही बंद झाली. तेव्हापासून इथिओपियाच्या परदेशी व्यापारातला नव्वद टक्क्यांहून जास्त माल जिबुतीच्या बंदरांतून जातो. हे वाक्य लाल शाईने लिहा. तळांच्या बातम्यांच्या गर्दीत ते विसरलं जातं, आणि पुढचं अर्धं राजकारण याच वाक्यातून निघतं.

जुने फेरफार काढा

जमिनीवर कर्ज देताना आम्ही नुसता आजचा सातबारा पाहून थांबत नसू, मागचे फेरफार काढायचो. इथेही तसंच. दोन पानं जुन्या नोंदींना द्या.

पहिली नोंद १८३९ ची. ईस्ट इंडिया कंपनीने एडन घेतलं, आणि ते मुंबईहून गेलेल्या फौजेने घेतलं. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता. म्हणूनच वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेपेवर एडनला पाठवलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला त्यांनी तिथेच देह ठेवला. मराठी वाचकाला एडन हे नाव फडक्यांमुळे माहीत असतं, पण तो तुरुंग तिथे का होता हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. इंग्रजांना मुंबई-सुएझ वाटेवर आगबोटींसाठी कोळशाचं ठाणं हवं होतं, तेच हे एडन.

१८५७ मध्ये इंग्रजांनी पेरीम बेटही ताब्यात घेतलं. १८६२ मध्ये फ्रेंचांनी समोरच्या किनाऱ्यावर अफार सरदारांकडून ओबोक घेतलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. १८८४-८५ च्या चीनशी झालेल्या युद्धात फ्रेंच लढाऊ जहाजांना एडनमध्ये कोळसा मिळेना, तेव्हा फ्रेंचांनी आपलं स्वतःचं ठाणं मनावर घेतलं आणि १८८८ मध्ये जिबुती शहर वसवायला घेतलं. १९१७ मध्ये अदिस अबाबापर्यंत रेल्वे पोहोचली. २७ जून १९७७ ला देश स्वतंत्र झाला, पण फ्रेंच सैन्य करार करून तिथेच राहिलं.

या नोंदी लिहून झाल्या की समोर एक उभी ओळ आखा आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळचं कारण लिहा. कोळसा. मग तेल. मग अतिरेकी. मग समुद्री चाचे. मग ड्रोन आणि समुद्रतळाच्या केबल. कारणं बदलत गेली आणि जागा तीच राहिली, हे तुमच्याच अक्षरात तुमच्या समोर येतं. उद्या कुणी नवं कारण सांगितलं की ते या यादीत कुठे बसतं ते पाहायचं. केबलचं उदाहरण ताजं आहे. १८ फेब्रुवारी २०२४ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने रुबीमार हे मालवाहू जहाज निकामी झालं आणि सोडलेल्या नांगरासकट वाहत गेलं. त्याच सुमारास तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, आणि आशिया-युरोपमधली बरीच इंटरनेट वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवावी लागली. २ मार्चला रुबीमार बुडालं.

भाडेकरूंचं पान

हे वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान, त्यासाठी जोडपान वापरा. आडवे रकाने असे करा: कोण, केव्हापासून, कोणत्या कागदावर, केव्हापर्यंत, पैसे किती, सांगितलेलं कारण काय, आणि प्रत्यक्षात आणखी काय चालतं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणं फार गरजेचं आहे. बातमीत ते नेहमी एकत्र येतात.

फ्रान्सपासून सुरुवात करा. सुमारे दीड हजार सैनिक, संरक्षणाचा करार, त्याचं नूतनीकरण २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. फ्रान्सने जिबुतीच्या संरक्षणाची जबाबदारी घेतलेली आहे, हा त्या करारातला सर्वात जड भाग. नुसतं भाडं देणाऱ्यात आणि हमी देणाऱ्यात फरक असतो, तो रकान्यात दिसला पाहिजे.

अमेरिका ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आली. कॅम्प लेमोनिए ही जुनी फ्रेंच छावणी. आज तिथे सुमारे चार हजार माणसं. २०१४ मध्ये करार नव्याने झाला, भाडं वर्षाला ६ कोटी ३० लाख डॉलर, दहा वर्षं, आणि पुढे आणखी दहा वर्षांचा पर्याय. सांगितलेलं कारण दहशतवादाविरुद्धची लढाई. शेवटच्या रकान्यात लिहा: येमेन आणि सोमालियावरची ड्रोन उड्डाणं. ती २०१३ मध्ये शहराच्या विमानतळावरून हलवून शाबेलीच्या धावपट्टीवर नेली.

जपानची नोंद वाचून माझ्या वाचनालयातली मुलं चमकतात. २०११ मध्ये जपानने इथे तळ उघडला, दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशातला पहिला कायमचा. कारण चाचेगिरी. ते कारण खरंच होतं: २००८ ते २०१२ या काळात सोमालियाच्या चाच्यांनी एडनच्या आखातात धुमाकूळ घातला होता, आणि जहाजांवरच्या भारतीय खलाशांनी महिनोन्‌महिने ओलीस म्हणून काढले. २०१२ नंतर चाचे थंडावले. तळ मात्र राहिला आणि पुढे वाढला. इटलीनेही त्याच काळात आपला तळ उभारला. माझ्या वहीत या दोघांपुढे मी लिहिलंय, "कारण ओसरलं, मुक्काम चालू."

शेवटी चीन. जुलै २०१७ मध्ये चानच्यांग बंदरातून चिनी सैनिक निघाले आणि १ ऑगस्टला, चिनी सैन्याच्या स्थापनादिनी, तळ उघडला. चीनचा परदेशातला हा पहिला लष्करी तळ. भाडं वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर असं प्रसिद्ध झालं आहे. चीन त्याला रसद केंद्र म्हणतो: चाच्यांविरुद्धच्या गस्ती जहाजांना इंधन, दुरुस्ती, विसावा. शेवटच्या रकान्यात दोन नोंदी करा. मोठ्या युद्धनौका लागू शकतील असा लांब धक्का पुढे बांधला गेला. आणि मे २०१८ मध्ये अमेरिकेने अधिकृत तक्रार केली की चिनी तळाच्या बाजूने लेझर मारल्यामुळे आपल्या दोन वैमानिकांच्या डोळ्यांना इजा झाली. चीनने ते साफ नाकारलं. अशा वेळी दोन्ही म्हणणी लिहायची, निकाल आपण द्यायचा नाही.

हे पान भरलं की आकड्यांकडे पाहा. अमेरिका जेवढं भाडं देते त्याच्या एक तृतीयांश भाडं चीन देतो. म्हणजे चीनचं वजन कमी? भाड्याच्या रकान्यात तसं दिसतं खरं, पण चीनचा खरा पैसा दुसऱ्या पानावर आहे.

भाडं वेगळं, कर्ज वेगळं

इथे बहुतेक लेख घसरतात. तळाचं भाडं, बंदराचा चालवण्याचा हक्क, बंदराच्या कंपनीतले शेअर आणि पायाभूत कामांसाठीचं कर्ज, हे चार वेगळे कागद आहेत. चारही एकाच वाक्यात "चीनने जिबुती घेतलं" म्हणून कोंबले की वाचकाच्या हाती काही लागत नाही. वहीत प्रत्येकाला वेगळं पान द्या.

कर्जाच्या पानावर मुख्य नोंद नव्या रेल्वेची. अदिस अबाबा ते जिबुती, सुमारे ७५० किलोमीटर, विजेवरची, चिनी कंपन्यांनी बांधलेली, बराचसा पैसा चीनच्या एक्झिम बँकेचा. उद्घाटन २०१६ मध्ये, नियमित वाहतूक जानेवारी २०१८ पासून. उत्पन्न अपेक्षेइतकं येईना. सप्टेंबर २०१८ मध्ये इथिओपियाने जाहीर केलं की आपल्या वाट्याच्या कर्जाची मुदत दहा वर्षांवरून तीस वर्षांवर गेली. बँकेत बसलेल्या माणसाला यातून लगेच कळतं: ऋणको अडचणीत होता आणि धनकोला खातं बुडीत दाखवायचं नव्हतं. जिबुतीनेही २०२२ मध्ये काही मोठ्या सावकारांचे हप्ते थांबवले होते. "कर्जाचा सापळा" हा शब्द वापरायचा मोह होतो, पण त्याआधी तीन गोष्टी शोधा. तारण काय दिलंय? हप्ता चुकल्यावर करारानुसार काय होतं? आणि प्रत्यक्षात काय झालं? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "मुदत वाढवली" असंच येतं.

श्रीलंकेच्या हंबनटोटाची गोष्ट इथे उपयोगी पडते, कारण ती जवळपास सगळीकडे चुकीची सांगतात. "कर्ज फेडता आलं नाही म्हणून बंदर चीनला दिलं" असं म्हणतात. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्स कंपनीला दिलं आणि सुमारे ११२ कोटी डॉलर आले हे खरं. पण ते पैसे श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत गेले आणि बंदर बांधायला घेतलेलं चिनी कर्ज होतं तसंच राहिलं. म्हणजे बंदरही गेलं आणि कर्जही राहिलं. हे "सापळ्या"च्या गोष्टीहून गंभीर आहे, आणि ते समजायला दोन कागद वेगळे ठेवावे लागतात.

आता बंदराच्या हक्काचं पान. जिबुतीत मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं प्रकरण हेच. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डला दोरालेचं कंटेनर टर्मिनल बांधायला आणि चालवायला दीर्घ मुदतीने दिलं. मालकीत दुबईचा एक तृतीयांश हिस्सा, उरलेला जिबुतीचा, पण कारभार दुबईचा. पुढे जिबुतीच्या बंदर कंपनीत चायना मर्चंट्सने २३.५ टक्के हिस्सा घेतला. मग जिबुतीला पहिला करार जाचक वाटू लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये संसदेने कायदा केला की देशाच्या हिताचे मोठे करार सरकार पुन्हा वाटाघाटीला आणू शकतं. २२ फेब्रुवारी २०१८ ला राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने टर्मिनल ताब्यात घेतलं. लंडनच्या लवादात डीपी वर्ल्डच्या बाजूने निकाल लागले. २०१९ मध्ये तर ३८.५ कोटी डॉलर आणि व्याज द्यायचा आदेश झाला. ताबा मात्र जिबुतीकडेच राहिला.

या प्रकरणात तारखांचा क्रम पाहा. आधी शेअर, मग कायदा, मग हुकूम, मग लवाद. बातमी आली ती तिसऱ्या पायरीला. वही असेल तर पहिल्या दोन पायऱ्या तुमच्याकडे आधीच लिहिलेल्या असतात. आणि निर्णय घेणारा कोण ते पाहा: बाहेरची कुठलीही महासत्ता नव्हे, दहा लाख वस्तीच्या देशाचं सरकार. इस्माईल उमर गेल्ले १९९९ पासून राष्ट्राध्यक्ष आहेत, त्याआधी १९७७ पासून त्यांचे काका होते. पाच-सहा परदेशी सैन्यं शेजारी शेजारी नांदवणारा आणि प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेणारा माणूस कुणाच्या हातातलं प्यादं नसतो. पण या भाड्यातलं गावकुसापर्यंत किती पोहोचतं, पाणी-वीज कुणाला मिळते, विरोधकाला बोलता येतं का, हे प्रश्नही त्याच पानावर लिहायला हवेत. घरमालकाची हुशारी आणि घरातल्या माणसांचं भलं या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत.

शेजाऱ्याची गरज

लाल शाईतलं वाक्य आठवा. इथिओपियाला एकाच दारावर अवलंबून राहायचं नाही. १ जानेवारी २०२४ ला इथिओपियाने सोमालिलँडशी सामंजस्य करार केला: वीसेक किलोमीटर किनारा, पन्नास वर्षांसाठी, आरमाराकरता. सोमालिया सोमालिलँडला आपला भाग मानतो, तो भडकला. आता कोण कोण सरकलं ते पाहा. तुर्कस्तानचा मोगादिशूत २०१७ पासून मोठा लष्करी प्रशिक्षण तळ आहे, त्याने मध्यस्थी हाती घेतली. इजिप्तचं नाईलवरच्या धरणावरून इथिओपियाशी भांडण, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने सोमालियाला शस्त्रं पाठवली. सोमालिलँडचं बर्बेरा बंदर डीपी वर्ल्ड चालवतं, म्हणजे अमिरातीचा पैसा तिथे अडकलेला. डिसेंबर २०२४ मध्ये अंकारात इथिओपिया आणि सोमालियाने एकत्र निवेदन काढलं आणि पारा थोडा उतरला. एका बिनकिनाऱ्याच्या देशाच्या गरजेने चार राजधान्या हलल्या.

आखाती देशांची भांडणंही इथे येऊन पोहोचतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जिबुती आणि एरिट्रियाच्या सीमेवर कतारचे शांतिसैनिक होते. जून २०१७ मध्ये सौदी आणि त्याच्या मित्रांनी कतारवर बहिष्कार टाकला, जिबुती आणि एरिट्रिया दोघेही सौदीच्या बाजूने झुकले, आणि कतारने आपले सैनिक उचलले. सीमेवर पुन्हा ताण. कारण दोन हजार किलोमीटरवरचं.

एक पान पक्षबदलांना द्या आणि त्यावर १९७७ लिहा. सोव्हिएत संघाचा तळ तेव्हा सोमालियात बर्बेरा इथे होता आणि इथिओपिया अमेरिकेच्या गोटात होता. सोमालियाने इथिओपियातल्या ओगादेन या सोमाली वस्तीच्या प्रदेशासाठी इथिओपियावर हल्ला केला. सोव्हिएत संघाने नव्या इथिओपियन राजवटीची बाजू घेतली, नोव्हेंबरमध्ये सोमालियाने त्यांना हाकललं, आणि १९८० मध्ये त्याच बर्बेराचा वापर करायचा करार अमेरिकेशी झाला. तीन वर्षांत दोन्ही पाट बदलले. म्हणून कुठल्याही देशापुढे "चीनचा" किंवा "अमेरिकेचा" असं शाईने लिहू नका, पेन्सिल वापरा.

रोजची पडताळणी

यासाठी दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. यूकेएमटीओ ही ब्रिटिश नौदलाची सेवा या पाण्यातल्या प्रत्येक घटनेची सूचना काढते: स्थान, वेळ, काय घडलं, खलाशी सुखरूप का. वृत्तवाहिनीआधी ती वाचा. सुएझ कालव्याच्या उत्पन्नाचे आकडे पाहा. २०२३ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर, २०२४ मध्ये सुमारे ४ अब्ज. इजिप्त इतका अस्वस्थ का आहे याचं उत्तर तिथे मिळतं. युद्धजोखमीच्या विम्याचा दर पाहा. २०२४ च्या सुरुवातीला तो जहाजाच्या किमतीच्या जवळपास एक टक्क्यापर्यंत चढला होता. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे दहा लाख डॉलर. जहाज कंपनी कुठून जाईल हे नेत्यांच्या भाषणांपेक्षा हा दर आधी सांगतो.

आणि जहाजांच्या मागावर राहण्याची संकेतस्थळं शिका. प्रत्येक मोठं जहाज एआयएस यंत्रातून आपलं नाव, वेग, पुढचं बंदर सांगत असतं. २०२४ मध्ये या भागातल्या जहाजांनी पुढच्या बंदराच्या जागी भलतंच लिहायला सुरुवात केली. "इस्रायलशी संबंध नाही." "सगळे कर्मचारी चिनी." "सशस्त्र पहारा आहे." कुणी चिनी असल्याचं सांगून संरक्षण मागत होतं, कुणी बंदुकीचा धाक घालत होतं. कुणाच्या नावाला त्या पाण्यात काय वजन आहे, ते मला कुठल्याही अग्रलेखापेक्षा त्या चार शब्दांच्या रकान्यात जास्त स्पष्ट दिसलं. काही जहाजं यंत्रच बंद करायची. मुलगा आधी कळवायचा, "आई, आता परवापर्यंत मी नकाशावर दिसणार नाही, काळजी करू नकोस." दोन दिवस त्या निळ्या पडद्यावर काहीच हलत नसे. तेव्हा मी वहीतली पानं भरत बसायची. जहाजावर जाणाऱ्याच्या घरचं कुणी वाचत असेल तर त्यांना मुद्दाम सांगते: यंत्र बंद असणं ही बहुतेक वेळा खबरदारी असते. सूचनांच्या पानावर नाव आलेलं नाही तोवर धीर धरा.

आपल्या देशाचंही पान त्याच शाईने

भारतावर लिहिताना हात सैल सुटतो, म्हणून रकाने तेच ठेवा. ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदलाचं एक तरी जहाज एडनच्या आखातात गस्तीवर असतं. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांना काढलं ते जिबुतीमार्गे: सुमित्रा युद्धनौकेने पहिल्या खेपेत एडनहून ३४९ जणांना जिबुतीला आणलं, तिथून हवाई दलाच्या विमानांनी कोची आणि मुंबई. एकूण ४,६०० हून जास्त भारतीय आणि ४१ देशांचे नऊशेहून जास्त परदेशी सुटले. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी गेले. उरलेल्या एकवीस जणांना कोलकाता युद्धनौकेने उचलून जिबुतीलाच नेलं. आपला तिथे तळ नाही, तरी संकटात दार उघडतं, ही नोंद अभिमानाने करा. राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी पहिला परदेश दौरा ऑक्टोबर २०१७ मध्ये जिबुतीचा केला, चिनी तळ उघडल्यावर दोन महिन्यांनी. तारखा शेजारी शेजारी लिहा.

त्याच पानावर मॉरिशसच्या आगालेगा बेटावरची धावपट्टी आणि जेट्टी लिहा, भारताने बांधलेली, उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४. सांगितलेलं कारण बेटवासीयांची सोय. तीन किलोमीटरची धावपट्टी आणि तीनेकशे रहिवासी. चीनच्या रसद केंद्रापुढे जो शेवटचा रकाना तुम्ही भरलात, तोच इथेही भरायचा. आपल्याच पानावर तो कोरा ठेवला तर वहीचा उपयोग संपला. मला त्या धावपट्टीची गरज पटते, कारण त्याच पाण्यात माझं माणूस आहे. पण तिथल्या तीनेकशे माणसांना काय वाटतं तेही मला कळायला हवं.

वही वर्षभर चालली की दुसरी जागा घ्या, आणि ती मालदीव असू द्या. सुरुवातीच्या नोंदी देते. सप्टेंबर २०२३ मध्ये मोहम्मद मुइझ्झू भारतीय सैनिक घालवण्याच्या घोषणेवर निवडून आले. जानेवारी २०२४ मध्ये ते चीनला गेले. १० मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिकांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ आले, विमान आणि हेलिकॉप्टर तिथेच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीत होते आणि ४० कोटी डॉलर अधिक ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदल घेऊन गेले. जुलै २०२५ मध्ये भारताने ४,८५० कोटी रुपयांचं कर्ज जाहीर केलं. रकाने आखा, तारखा भरा, आणि मग मालदीवच्या परकीय गंगाजळीचे २०२४ चे महिन्यागणिक आकडे त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावरून काढून शेजारच्या उभ्या ओळीत लिहा.